खंय न्हेवचा?

2019 ची चतुर्थी 2 सप्टेंबरला होती आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीकडच्या पायरीवर घसरले. जांभ्याच्या पायऱ्या, पावसात त्यांना शेवाळ धरतं, दरवर्षी श्रावणात आम्ही ब्लिचिंग टाकून घासून घेतो, त्या वर्षी घरात रंगकाम चालू होतं आणि ते राहून गेलं. मी पोचलो तेव्हा ते पायरीला टेकून बसलेले, कळशी खाली गडगडत गेलेली, आणि डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण तो पाय बघून पोटात गोळा आला. आज कुणी फोनवर सांगितलं ना की पाय आखूड झालाय आणि बाहेर वळलाय, तर एक्स-रेच्या आधीच मला कळतं काय झालंय ते.

ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टर होते, रात्रपाळी संपवून घरी निघालेले, तरी थांबले, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, खुबा गेलाय, इथे होणार नाही, पुढे न्या.

पुढे न्या. सिंधुदुर्गात हे दोन शब्द ऐकले नाहीत असं घर सापडायचं नाही. पुढे म्हणजे कुठे, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, तेही माणूस गाडीत कण्हत असताना. ओरोसचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. बांबोळी, म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज, ज्याला पेपरात गोमेकॉ लिहितात. घाट चढून कोल्हापूर, नाहीतर आंबोलीवरून बेळगाव. तालुक्याच्या गावांतली प्रायव्हेट हॉस्पिटलं. आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक कोकणी घरात कुणीतरी काढतंच तो विषय, मुंबई.

आमच्याकडे तो दादाने काढला. दादा डोंबिवलीला, फोनवर म्हणाला, केईएमला आणा, माझ्या ओळखीचा माणूस आहे. त्याचं चूक नव्हतं, केईएम 1926 सालापासून परळला उभं आहे, आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची मोठी ऑपरेशनं तिथे झालीत, मुंबईला नोकरीला असलेला एक मुलगा म्हणजे केईएमचा रस्ता उघडा असं आमच्या आज्ज्या मानायच्या. पण चतुर्थीच्या आठवड्यात मुंबई-गोवा हायवेवर, खड्ड्यांतून, खुबा मोडलेल्या 74 वर्षांच्या माणसाला बारा-चौदा तास? दर खड्ड्याला ते हाड हलणार. चुलतभाऊ म्हणाला कोल्हापूर. आतेभाऊ म्हणाला, "बांबोळीक व्हरा, थयसर सगळा आसा." आणि आई काहीच बोलत नव्हती, फक्त अण्णांच्या कपाळावरून हात फिरवत होती.

शेवटी आम्ही नेलं ते जवळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात. नाव घेत नाही. का नेलं ते मात्र खरं सांगतो. जवळ होतं, स्वच्छ होतं, एसी रूम होती, आणि दादा म्हणाला, खर्चाचं बघू नको. पण ह्या सगळ्याच्या खाली अजून एक गोष्ट होती, जी कुणी उघड बोललं नाही. चतुर्थीला सगळे चाकरमानी गावात येणार, अण्णांची चौकशी करणार, आणि दोन दोन मुलगे कमावते असून "बापाशीक सरकारीत टाकल्यानी" असं कुणी म्हटलेलं आम्हाला नको होतं. टाकल्यानी. प्रायव्हेटमध्ये माणसाला आपण नेतो, ठेवतो, ॲडमिट करतो, आणि सरकारीत टाकतो. हे क्रियापद आपल्या तोंडात इतकं बसलंय की निर्णय आपल्या आधी तेच घेऊन टाकतं.

पॅकेज 1,70,000 सांगितलं, "सगळं धरून". 40,000 ॲडव्हान्स भरला. पायाला वजन लावलं, सलाईन लावलं आणि सांगितलं की ऑर्थोचे सर बाहेरून येतात, गुरुवारी येतील. मंगळवार होता. आम्ही बरं म्हटलं. दोन दिवस म्हणजे काय, असंच वाटलं आम्हाला. नंतर कळलं की म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन व्हावं असं जगभरचे डॉक्टर मानतात, कारण माणूस झोपून राहिला की छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात, आणि पुष्कळ म्हातारी माणसं त्या मोडलेल्या हाडाने नाही तर ह्या झोपून राहण्याने जातात. आमचे 48 तास एसी रूममध्ये टीव्हीसमोर गेले. बुधवारी रात्री मी कूस वळवायला मदत केली तर माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग. मी सिस्टरना दाखवला, त्यांनी पावडर लावली.

आणि अजून एक. अण्णांची 2015 ला कोल्हापूरला अँजिओप्लास्टी झालेली, तेव्हापासून रक्त पातळ राहायची गोळी चालू. ही गोळी चालू असताना कमरेत सुई टोचून भूल द्यायला डॉक्टर धजत नाहीत, मणक्यात रक्त साकळायची भीती असते, पाच ते सात दिवस गोळी बंद ठेवावी लागते. हे त्या हॉस्पिटलात आम्हाला पहिल्या दिवशी कुणीच विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. आई रोज रात्री पेजेनंतर ती गोळी त्यांना देत राहिली, मंगळवारी दिली, बुधवारीही दिली.

गुरुवारी ऑर्थोचे सर आले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, ईसीजी बघितला, लगेच एको करायला पाठवलं, रिपोर्टमध्ये हृदयाचं पंपिंग फक्त 35 टक्के आलं. मग ते बाहेर येऊन आमच्या बाजूला बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "हाड मी बसवीन हो, ते माझं रोजचं काम आहे. पण ऑपरेशननंतरच्या रात्री दोन वाजता ह्यांचा श्वास अडकला तर इथे ह्यांच्याजवळ कोण आहे? मी नसणार, भूल देणारे डॉक्टर नसणार, आयसीयू इथे नाही. ह्यांना बांबोळीला न्या, आत्ताच न्या."

त्यांना त्या ऑपरेशनचे पैसे मिळणार होते. ते त्यांनी सोडले. ॲडव्हान्समधले 9,000 आम्हाला परत मिळाले, बाकीचे दोन दिवसांचं रूमभाडं, तपासण्या, औषधं ह्यात गेले, त्याचं मला फार काही वाटलं नाही. दोन दिवस गेले त्याचं वाटलं. अजूनही वाटतं.

ॲम्ब्युलन्सने बांबोळी. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीचा नाका, म्हापसा, रस्त्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, टपावर सामान बांधलेलं. अण्णा डोळे मिटून पडलेले आणि आई त्यांच्या पायाच्या दोन्ही बाजूंना उशा दाबून धरून बसलेली, पूर्ण रस्ता तिने त्या उशा सोडल्या नाहीत.

सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीला का जातात हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. दुसरं राज्य आहे. पण आमच्यासाठी तेच आमचं मोठं सरकारी हॉस्पिटल. 1842 ला पोर्तुगीजांच्या काळात पणजीला सुरू झालेली मेडिकल शाळा, त्याचंच पुढे हे कॉलेज झालं. आमच्या जिल्ह्याला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळायला 2021 उजाडलं. मधली इतकी वर्षं अपघात झाला, डोक्याला मार लागला, बाळंतीण अडली की गाडी दक्षिणेकडेच वळायची. 2018 पासून गोव्याने बाहेरच्या पेशंटना पैसे लावले तेव्हा आमच्याकडे केवढं वादळ उठलं, दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. मला त्या लोकांचं म्हणणं पटलं होतं आणि गोव्याचंही पटलं होतं, त्यांच्या खाटा त्यांच्या माणसांनी भरलेल्या. राग धरायचा तर तो ह्या गोष्टीचा की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला खुब्यासाठी राज्याची हद्द ओलांडायला लागते. पैसे लागले आम्हाला तिथे, पण त्या 1,70,000 च्या जवळपासही नाही.

कॅज्युअल्टीत गर्दी होती. स्ट्रेचरवर दीड तास गेला. मग एकदा आत घेतल्यावर मात्र एकामागून एक माणूस येत गेला, आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला, रक्त पातळ व्हायची गोळी कधी घेतली, शेवटची कधी. चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी तोच प्रश्न. आई वैतागली, "किती येळा सांगू?" मला तेव्हाच पहिल्यांदा बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या, वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी अण्णांना तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, दात हलतात का बघितलं, घरी किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो ते विचारलं. अण्णा म्हणाले, "विहिरीच्या चवदा." मग मला बाजूला घेऊन समजावलं की गोळीमुळे कमरेतली भूल देता येत नाही, गोळीचा असर जाईपर्यंत थांबलो तर झोपून राहण्याचा धोका जास्त, म्हणून पूर्ण भूल देऊ, हृदय कमजोर आहे म्हणून नंतर आयसीयूत ठेवू, तिथे खाट धरून ठेवली आहे, आणि तरीसुद्धा धोका आहे, तो किती आहे तेही सांगितलं. मी संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा हात कापला, पण काय लिहिलंय ते कळून केलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. त्या हॉस्पिटलात मंगळवारी केलेल्या सात सह्या कशाच्या होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

रक्ताच्या दोन पिशव्या लागणार होत्या. माझ्या भाच्याने गावच्या भजनमंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, आणि शनिवारी सकाळी रक्तपेढीसमोर आमच्या वाडीतले सहाजण उभे, त्यातले चार चाकरमानी, शुक्रवारी रात्रीच उतरलेले, 120 दिवस आधी काढलेल्या तिकिटावर चतुर्थीला आलेले, घरी न झोपता सरळ बांबोळीला. ज्यांच्या तोंडाला घाबरून आम्ही प्रायव्हेटची एसी रूम घेतली होती, तीच ही माणसं. एकाने पण विचारलं नाही की सरकारीत का आणलंत.

शनिवारी ऑपरेशन झालं. खुब्याच्या मानेचा तुकडा पडला की वरच्या गोळ्याचं रक्त तुटतं, म्हाताऱ्या वयात ते हाड परत जुळायची खात्री नसते, म्हणून गोळा काढून धातूचा बसवतात. दीड तास. मग आयसीयू. रविवारी पहाटे तीनला खरंच त्यांचा ऑक्सिजन खाली गेला. आम्ही बाहेर चटईवर, आतून धावपळ ऐकू आली, आणि अर्ध्या तासाने एक सिस्टर बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "कांय जावचें ना, आतां बरे आसात." मला त्या बाकड्यावरचे ऑर्थोचे सर आठवले. रात्री दोन वाजता ह्यांच्याजवळ कोण आहे. एका तासाचाच काय तो फरक.

पण ह्यावरून मी सरकारीच चांगलं असं म्हणायला निघालोय असं समजू नका, कारण आमच्याच घरात उलटंही झालंय. 2014 ला आईच्या पिशवीचं ऑपरेशन करायचं होतं, गाठी होत्या, दर महिन्याला इतकं जायचं की हिमोग्लोबिन 7 वर आलेलं. एका सरकारी रुग्णालयात तीनदा तारीख मिळाली. पहिल्या तारखेला भूल देणारे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या तारखेला ती सकाळपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून बाकड्यावर बसलेली, आणि एकापाठोपाठ दोन सिझेरियन आली, अख्ख्या रुग्णालयाला भूल देणारा माणूस एकच, संध्याकाळी चारला सांगितलं की आज होणार नाही. तिने गाऊन काढून घडी करून परत दिला आणि एसटीने घरी आली. तिसऱ्या तारखेच्या आधी डॉक्टरांचीच बदली. शेवटी प्रायव्हेटमध्ये केलं, 35,000 लागले, त्या डॉक्टरबाई स्वतः रोज दोनदा येऊन टाके बघायच्या, पाचव्या दिवशी आई घरी. तिथे आधी रक्त देऊन मग ऑपरेशन केलं, घाई केली नाही. मी त्या बाईंचं नाव आजही दहा जणांना सांगतो.

म्हणून सरकारी बरं का प्रायव्हेट बरं, हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. आमच्या भागात तर पुष्कळदा सर्जन तोच असतो, सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे. सगळे सर्जनचं नाव विचारतात, हात कसा आहे विचारतात. भूल कोण देणार हे कुणी विचारत नाही, आणि कोकणात खरी वानवा त्याच माणसाची आहे. प्रायव्हेटमध्ये तो फोन केल्यावर येतो, ऑपरेशन झालं की पुढच्या हॉस्पिटलात जातो. सरकारीत तो असतो पण एकटा असतो, आणि अडलेली बाळंतीण आली की तुमचा नंबर मागे, जायलाच हवा. मग रात्री ड्युटीवर कोण, एमबीबीएस डॉक्टर आहे की नुसत्या शिकाऊ सिस्टर. रक्त तिथेच मिळेल की पन्नास किलोमीटरवरून आणायला कुणाला तरी मोटरसायकल काढायला लागेल. काही बिघडलं तर पुढची जागा कुठली, ती आधी ठरवलीय का. साधं हर्निया असेल, माणूस धडधाकट असेल, तर हे सगळं कमी असलं तरी निभावतं, जवळचं बरं. हृदय, किडनी, साखर ह्यातलं काही असलं की मोठं सरकारी हॉस्पिटल, मग वॉर्डात खाटेखाली झोपायला लागलं तरी चालेल. हे माझं मत आहे आणि मी ते आता भीड न ठेवता सांगतो.

पैशाचं पण सांगायला हवं, कारण जमीन विकून ऑपरेशन केलेली घरं माझ्या डोळ्यासमोर आहेत. आमचं रेशनकार्ड पांढरं, दादाच्या नोकरीमुळे, म्हणून 2019 ला सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आम्ही बसत नव्हतो. ही योजना 2012 ला राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर, 2017 ला नाव बदललं, पण बरीच वर्षं ती मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. 2023 ला सरकारने ती सगळ्या कार्डांना लागू करायचा आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाख करायचा निर्णय घेतला. तरी लोक अजून ॲडव्हान्स भरून मोकळे होतात आणि मग विचारतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, आधी तिथे जायचं, कारण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, झाल्यावर कुणी ऐकत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल तर धर्मादाय कायद्याखाली 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बळ घटकांना सवलतीत ठेवायला लागतात, पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला खिशात ठेवूनच गाडीत बसावं. आणि प्रायव्हेटमध्ये "सगळं धरून" म्हटलं की कागदावर लिहून मागायचं. शेजारच्या काकांच्या गुडघ्याच्या वेळी मी बसून लिहून घेतलं, कारण गुडघ्याच्या इम्प्लांटची किंमत 2017 ला केंद्राने बांधून दिली, नेहमीच्या कोबाल्ट क्रोमच्या गुडघ्याला तेव्हा 54,720 वर जीएसटी ठरले, आधी हेच दीड लाखाच्या पुढे लावायचे. दरपत्रक भिंतीवर लावायचा नियम 2021 पासून आहे. भिंतीवर नसेल तर विचारायचं, कुठे आहे? विचारल्यावर कुणी हाकलून देत नाही. आपणच विचारायला लाजतो, डॉक्टरांना काय वाटेल म्हणून.

अण्णा अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरी आले. चुलत्यांनी नी भाच्याने खुर्चीसकट उचलून पडवीत ठेवलं, आरती त्यांनी तिथूनच म्हटली, आवाज बारीक झालेला पण एकही कडवं सुटलं नाही. पाठीची जखम मात्र दिवाळीपर्यंत भरली नाही, आई रोज दुपारी मिठाच्या पाण्याने धुवायची. मे महिन्यात ते काठी घेऊन विहिरीपर्यंत गेले. पायऱ्या नाही उतरले.

आता वाडीत कुणाला काही झालं की फोन मला येतो, मी डॉक्टर नाही तरी येतो. परवा रात्री पावणेबाराला आला, खालच्या वाडीतला मुलगा, त्याचा बाबा न्हाणीत पडलेला.

"दादा, बाबांचो पाय वाकडो झालोहा. खंय न्हेवचा, सरकारीत काय प्रायव्हेटात?"

मी विचारलं वय किती. एकोणसत्तर. म्हटलं, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?

"ता माका ठावक नाय. थांब, आवशीक इचारतंय."

फोन चालूच होता. पत्र्यावर पाऊस ऐकू येत होता, मग कपाटाचं दार, मग प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर, आणि मुलगा धापा टाकत पाकिटावरचं नाव एकेक अक्षर लावून वाचायला लागला.